खरेदीविना ५१७ दिवस: टॉटनहॅमने हात आखडला तेव्हा

२०१८ साली इंग्लिश प्रीमियर लीगची उन्हाळी ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, ९ ऑगस्टला, लंडनच्या संध्याकाळी पाच वाजता बंद झाली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. एरवी ही मुदत ऑगस्टअखेरपर्यंत असायची, पण आदल्या वर्षी क्लबांनी मतदान करून ती हंगाम सुरू होण्याआधीच संपवायची असं ठरवलं होतं. मुदत संपली तेव्हा टॉटनहॅम हॉटस्परच्या नावापुढे नव्या खेळाडूंच्या रकान्यात काहीच नव्हतं. उन्हाळी विंडोची पद्धत आली तेव्हापासून, म्हणजे २००३ पासून, प्रीमियर लीगमध्ये असं कधी झालं नव्हतं. उन्हाळ्यात एकही खेळाडू न घेणारा हा पहिला क्लब ठरला.

जानेवारी २०१९ मध्ये हिवाळी विंडो आली आणि तीही तशीच गेली. लुकास मोरा पॅरिसहून आला तो ३१ जानेवारी २०१८ ला, आणि त्याच्यानंतरची खरेदी झाली २ जुलै २०१९ ला. मधले ५१७ दिवस टॉटनहॅमने कुणालाही आणलं नाही. याच काळात हा क्लब आपल्या इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, आणि त्या सामन्यानंतर सहा महिन्यांच्या आत संघाला तिथवर नेणाऱ्या प्रशिक्षकाला, मॉरिसिओ पोचेटिनोला, काढून टाकण्याची वेळ आली.

चाहत्यांचा वाद या दोन टोकांमध्ये अडकलेला आहे. एका गटाच्या मते त्या संयमाने क्लबला अंतिम सामना दाखवला, दुसऱ्याच्या मते त्याच कंजुषीने एक सोन्यासारखा संघ वाया घालवला. मी स्पर्सचा, म्हणजे टॉटनहॅमचा, चाहता आहे आणि या प्रकरणाबद्दल माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यातला निर्णय समजून घेता येतो, जानेवारीतला नाही. शिवाय दोन्ही गट खरेदीच्या आकड्यावर भांडत राहिले आणि विक्रीकडे जवळजवळ कुणी पाहिलंच नाही. खरं नुकसान तिथे झालं.

पैसा कुठे अडकला होता

१४ मे २०१७ ला व्हाइट हार्ट लेनवर शेवटचा सामना झाला, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, आणि टॉटनहॅमने तो २-१ जिंकला. त्यानंतर जुनं मैदान पाडून त्याच जागेवर ६२ हजारांहून जास्त क्षमतेचं नवं स्टेडियम उभं राहायला लागलं. खर्च एक अब्ज पौंडांच्या घरात गेला. बँकांकडून घेतलेलं कर्ज सुरुवातीला ४० कोटी पौंडांचं होतं, ते वाढत ६३.७ कोटींवर पोहोचलं. दरम्यान संघ वेम्बलीवर भाड्याने खेळत होता.

नवं स्टेडियम सप्टेंबर २०१८ मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याने उघडणार होतं. सुरक्षा यंत्रणेच्या चाचण्यांत दोष निघाले आणि तारीख पुढे ढकलत ढकलत ३ एप्रिल २०१९ वर गेली. या विलंबाचे हाल पाहण्यासारखे होते. वॉटफर्डविरुद्धचा लीग कपचा 'घरचा' सामना मिल्टन कीन्सला जाऊन खेळावा लागला. ऑक्टोबरअखेर मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना वेम्बलीवर झाला, तेव्हा आदल्याच दिवशी तिथे अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला होता. मैदान उखडलेलं, मधोमध त्या खेळाच्या खुणा अजून दिसत होत्या, आणि त्यावर देशातला सगळ्यात सफाईदार पास देणारा संघ खेळत होता. टॉटनहॅम ०-१ ने हरलं.

तेव्हाचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांचा हिशोब या पार्श्वभूमीवर समजतो. स्टेडियम कधी उघडणार हे ठाऊक नाही, तिकिटांचं उत्पन्न कधी सुरू होणार हे ठाऊक नाही, व्याज मात्र सुरू आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

पण याच्या उलटही एक कागद आहे. जून २०१८ ला संपलेल्या वर्षात टॉटनहॅमला करानंतर ११.३ कोटी पौंड नफा झाला. फुटबॉल क्लबने तोवर जगात कधी न कमावलेला हा नफा होता. उत्पन्न ३८ कोटींच्या आसपास आणि पगारावरचा खर्च १४.८ कोटी, म्हणजे उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी. मँचेस्टर युनायटेडचा पगाराचा खर्च याच्या जवळपास दुप्पट होता. हे आकडे एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा चाहत्यांच्या वादात तेल पडलं. विंडो चालू असताना 'पैसा नाही' असं वाटत होतं, आणि कागदावर विक्रमी नफा निघाला. नफा म्हणजे हातातली रोकड नव्हे, ती स्टेडियमच्या काँक्रीटमध्ये जात होती, हे लेखापालाला दिसतं. तेव्हा वर्षाला ७९५ ते १,९९५ पौंड मोजून सीझन तिकीट घेणाऱ्याने ते समजून का घ्यावं, हा प्रश्न मलाही रास्त वाटतो.

दोन तट

'खर्च करा' म्हणणाऱ्यांचा मुद्दा वयाचा होता. २०१८ च्या उन्हाळ्यात हॅरी केन २५ वर्षांचा झाला होता, सॉन ह्युंग-मिन आणि ख्रिश्चन एरिक्सन २६ चे, डेली अली २२ चा. आधीच्या तीन हंगामांत संघ तिसरा, दुसरा आणि पुन्हा तिसरा आला होता. रशियातल्या विश्वचषकात उपांत्य फेरीत पोहोचलेल्या संघांमध्ये टॉटनहॅमचे नऊ खेळाडू होते आणि केनने सर्वाधिक गोलांचा मान मिळवला होता. असा संघ एका क्लबला पिढीत एकदा लाभतो. त्याला दोन-तीन चांगल्या खेळाडूंची जोड मिळाली तर लीग जिंकता येईल, आणि नाही मिळाली तर हेच खेळाडू कंटाळून निघून जातील, असं हा गट म्हणत होता. संघाचा बचावपटू डॅनी रोजने वर्षभर आधी एका मुलाखतीत हेच उघडपणे बोलून दाखवलं होतं, ज्यांची नावं शोधावी लागतात असे खेळाडू नकोत असं तो म्हणाला, आणि क्लबने त्याला दंड केला होता. मॉरिसिओ पोचेटिनोनेही मे २०१८ मध्ये, पाच वर्षांचा नवा करार होण्याच्या तोंडावर, क्लबने आता धाडस दाखवायला हवं असं जाहीरपणे सुनावलं होतं.

'थांबा' म्हणणाऱ्या गटाला भित्रा म्हणून निकालात काढणं चुकीचं होईल. त्यांच्या पाठीशी इतिहास होता. २०१३ मध्ये गॅरेथ बेल रिअल माद्रिदला साडेआठ कोटी पौंडांना गेला आणि त्या पैशातून टॉटनहॅमने एकाच उन्हाळ्यात सात खेळाडू घेतले. पाउलिन्हो, सोल्दादो, शाद्ली, कापू, किरिकेश, लामेला, एरिक्सन. सातांपैकी निखळ यशस्वी एकच, एरिक्सन. तेव्हाच्या प्रशिक्षकाला डिसेंबरमध्येच जावं लागलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, आणि त्या दुधाची चव या गटाला चांगली आठवत होती.

त्याहून मोठी आठवण लीड्स युनायटेडची. पुढच्या वर्षांची चॅम्पियन्स लीगची कमाई गृहीत धरून त्यांनी उधारीवर संघ उभा केला, २००१ मध्ये उपांत्य फेरी गाठली आणि २००४ मध्ये प्रीमियर लीगमधूनच खाली घसरले. शेजारच्या आर्सेनलने २००६ मध्ये नवं स्टेडियम बांधल्यावर कित्येक वर्षं चांगले खेळाडू विकून दिवस काढले, हेही उत्तर लंडनमध्ये सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिसने २२.२ कोटी युरो मोजल्यावर बाजाराचे भाव पार बदलून गेले होते. केन, एरिक्सन, सॉन यांना बाजूला सारून खेळेल असा खेळाडू घ्यायचा तर किंमत आणि पगार दोन्ही क्लबच्या चौकटीबाहेर जाणार. आणि त्यांच्या पाठीमागे बाकावर बसायला तयार असलेला चांगला खेळाडू मिळतच नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात खरा वाटतो. चांगल्या पहिल्या अकरांच्या संघात भर घालणं हे वाईट संघ सुधारण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. शिवाय प्रीमियर लीगच्या २५ जणांच्या यादीत इंग्लंड-वेल्सच्या व्यवस्थेत न घडलेले जास्तीत जास्त १७ खेळाडू चालतात (२१ वर्षांखालचे सोडून). टॉटनहॅमकडे परदेशी खेळाडूंची गर्दी होती. नवा परदेशी घ्यायचा तर आधी एकाला घालवावं लागणार होतं, आणि बहुतेकांना घालवता येत नव्हतं.

म्हणून त्या उन्हाळ्यात नजर स्थानिक खेळाडूवर होती.

ग्रीलिशची गोष्ट

अॅस्टन व्हिला मे २०१८ मध्ये प्रीमियर लीगमधल्या बढतीचा अंतिम सामना फुलहॅमकडून हरली आणि क्लबच्या तिजोरीत खडखडाट झाला. जॅक ग्रीलिश तेव्हा २२ वर्षांचा. इंग्लिश, चेंडू पायाला चिकटवून पळणारा, नेमका टॉटनहॅमला हवा तसा. व्हिलाला पैशाची निकड होती आणि टॉटनहॅमने लेव्ही पद्धतीने घासाघीस सुरू केली. कमी रकमेचे प्रस्ताव गेले आणि वेळ काढला गेला.

ही पद्धत याआधी फळली होती हे विसरून चालणार नाही. २०१० मध्ये विंडोच्या शेवटच्या दिवशी राफाएल व्हान डर व्हार्ट रिअल माद्रिदकडून अवघ्या ८० लाख पौंडांत आला होता आणि चाहते त्यावर अजून खूश आहेत. समोरचा अडचणीत असेल तर वेळ आपल्या बाजूने असते, हे त्या पद्धतीचं मूळ गृहीतक. जुलै २०१८ मध्ये ते कोसळलं. व्हिलाला नवे श्रीमंत मालक मिळाले आणि ग्रीलिश विकायची गरजच संपली. टॉटनहॅमने शेवटी रक्कम वाढवून अडीच कोटींपर्यंत नेल्याच्या बातम्या आल्या, पण तोवर दार बंद झालं होतं. तीन वर्षांनी मँचेस्टर सिटीने त्याच खेळाडूसाठी दहा कोटी पौंड मोजले.

सावधपणा आणि घासाघीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चाहत्यांच्या वादात त्या सतत एकमेकींत मिसळल्या गेल्या. खेळाडू नकोच, असं ठरवणं हा सावधपणा झाला. खेळाडू हवा, त्याची किंमतही परवडते, तरी आणखी काही लाख वाचवायला थांबणं हा जुगारच आहे. ग्रीलिशच्या बाबतीत टॉटनहॅमने जुगार खेळला आणि हरल्यावर त्याला संयम म्हटलं.

तरीही उन्हाळ्यातला एकूण निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. केनने सहा वर्षांचा करार केला, सॉन आणि लामेला यांचेही नवे करार झाले, ऑक्टोबरमध्ये अलीचा झाला. पोचेटिनोने विंडो बंद झाल्यावर, कधीकधी वेगळं वागावं लागतं, आहे त्या संघावर मी समाधानी आहे, अशा आशयाचं बोलून क्लबची बाजू सांभाळली. आणि संघ खेळला. १० फेब्रुवारी २०१९ ला लेस्टरला हरवलं तेव्हा लीगचे २६ सामने झाले होते. त्यांत २० विजय, ६ पराभव आणि बरोबरी एकही नाही. ६० गुण, अव्वल क्रमांकापासून पाच गुण मागे. एकही नवा खेळाडू नाही, घरचं मैदान नाही, आणि तरीही विजेतेपदाच्या शर्यतीत. 'थांबा' गटाने तेव्हा कॉलर ताठ केली असेल तर त्यात नवल नव्हतं.

जानेवारी

पण त्या फेब्रुवारीच्या गुणतक्त्याखाली जानेवारी दडलेला होता.

१३ जानेवारीला युनायटेडविरुद्ध केनचा घोटा दुखावला. त्याच सामन्यानंतर सॉन आशियाई चषकासाठी अमिरातीत गेला. १७ जानेवारीला मधल्या फळीतल्या मूसा डेंबेलेला चीनच्या ग्वांगझूला विकलं. २० जानेवारीला फुलहॅममध्ये डेली अलीच्या मांडीचा स्नायू ताणला. २४ तारखेला लीग कपच्या उपांत्य फेरीत चेल्सीकडून पेनल्टींवर पराभव, २७ ला एफए कपमध्ये क्रिस्टल पॅलेसकडून पराभव. तीन दिवसांत दोन चषक गेले. विंडो अजून उघडी होती. ती ३१ ला बंद झाली आणि कुणीही आलं नाही.

यातली डेंबेलेची विक्री मला आजही पटत नाही. डेंबेलेचं वय ३१, शरीर थकलेलं, करार उन्हाळ्यात संपणारा, म्हणजे सहा महिन्यांनी तो फुकट गेला असता. त्यामुळे मिळतील तेवढे पैसे घेणं हिशोबाला धरून आहे. पण तो मैदानात नेमकं काय करायचा ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. दोन-तीन जण अंगावर आलेले असताना पाठ त्यांच्याकडे करून, चेंडू डाव्या पायाखाली धरून तो वळायचा, आणि वळून होईपर्यंत ते दोघे-तिघे त्याच्या मागे राहिलेले असायचे. टॉटनहॅमचं आक्रमण तिथून सुरू व्हायचं. अशा खेळाडूच्या जागी कुणीच न आणणं म्हणजे घराचा खांब काढून छत आपोआप टिकेल अशी आशा धरणं.

मधल्या फळीत मग उरले सिसोको, विंक्स, डायर आणि वान्यामा. चौघांपैकी विंक्स, डायर आणि वान्यामा दुखापतींनी आत-बाहेर होत राहिले.

लेस्टरनंतरच्या १२ लीग सामन्यांचा हिशोब असा: ३ विजय, २ बरोबरी, ७ पराभव. बर्नली, चेल्सी, साउदॅम्प्टन, लिव्हरपूल, सिटी, वेस्ट हॅम, बोर्नमथ. संघ ७१ गुणांवर चौथा आला, म्हणजे मागच्या वर्षीपेक्षा सहा गुण कमी आणि त्याच्या आदल्या वर्षीपेक्षा पंधरा कमी. चौथं स्थान टिकलं, कारण मागचेही धडपडत होते. विजेतेपदाच्या शर्यतीतला संघ असा कोसळला हे त्या वसंतात फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे युरोपकडे होते.

युरोपातला चमत्कार कशाचा पुरावा?

चॅम्पियन्स लीगच्या गटात पहिल्या तीन सामन्यांत एक गुण होता. इंटरविरुद्ध एरिक्सनचा गोल ८० व्या मिनिटाला, बार्सिलोनात लुकासचा बरोबरीचा गोल ८५ व्या मिनिटाला. संघ शब्दशः शेवटच्या मिनिटांवर जगत पुढे सरकला.

एप्रिलमध्ये सिटीविरुद्ध परतीचा सामना. केन जायबंदी, विंक्स नाही, डायर नाही. पूर्वार्ध संपत आला असताना सिसोकोही लंगडत बाहेर गेला आणि मधल्या फळीतल्या खेळाडूच्या जागी पोचेटिनोने पाठवला ३४ वर्षांचा स्ट्रायकर, फर्नांडो ल्योरेंते. ७३ व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याच ल्योरेंतेच्या कमरेला लागून जाळ्यात गेला. सामना टॉटनहॅम ४-३ ने हरलं, पण दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत सुटली आणि परक्या मैदानावर जास्त गोल करणाऱ्याला पुढे नेणाऱ्या तेव्हाच्या नियमाने पुढे गेलं. संघात खेळाडू पुरेसे असते तर ल्योरेंते त्या वेळी मैदानात नसता. तुटवड्यातूनच तो गोल निघाला.

'थांबा' गट हे उदाहरण आजही देतो: नवा खेळाडू आला असता तर ल्योरेंतेला संधी मिळाली नसती, सिसोको घडला नसता. सिसोकोबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे. २०१६ मध्ये विंडोच्या शेवटच्या दिवशी तीन कोटी पौंडांना घेतलेला, दोन वर्षं चेष्टेचा विषय झालेला हा माणूस डेंबेले गेल्यावर संघाचं इंजिन झाला आणि प्रेक्षक त्याच्या नावाने गाऊ लागले. मला त्याचा तो हंगाम फार आवडतो. पण एका माणसाने गरजेपोटी स्वतःला ताणलं यावरून धोरण बरोबर होतं असं सिद्ध होत नाही.

८ मे ला ॲमस्टरडॅममध्ये आयॅक्सविरुद्ध मध्यंतराला संघ एकूण तीन गोलांनी मागे होता. आपल्याकडे ९ मेची पहाट व्हायची होती. उत्तरार्धात लुकासने दोन गोल केले आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत अगदी टोकाला सिसोकोने लांब चेंडू पाठवला, ल्योरेंते बचावपटूशी भिडला, चेंडू डेली अलीच्या पायाशी आला, त्याने तो हलकेच पुढे सरकवला आणि लुकासने डाव्या पायाने खालून कोपऱ्यात मारला. मैदानावर आयॅक्सचे खेळाडू आडवे पडले होते, पोचेटिनो रडत होता. टॉटनहॅमच्या चाहत्याने आयुष्यात पाहिलेला याहून मोठा क्षण मला माहीत नाही आणि त्या रात्रीचं मोल मी कुणाला कमी करू देणार नाही.

पण जे लुकासचे तीन गोल 'खरेदीविना यशाचं' प्रतीक झाले, तो लुकास स्वतः एका जानेवारीतली खरेदी होता. ५१७ दिवस सुरू होण्याआधीची शेवटची.

समोरच्या बाकावर लिव्हरपूल

१ जूनला माद्रिदमध्ये अंतिम सामना. पहिल्या अर्ध्या मिनिटातच चेंडू सिसोकोच्या हाताला लागला, सालाहने पेनल्टीवर गोल केला, ८७ व्या मिनिटाला ओरिगीने दुसरा. केन जवळपास दोन महिन्यांनी थेट अंतिम सामन्यात उतरला होता आणि लुकास बाकावर होता. त्या निवडीवर चाहते अजून भांडतात. मला ते भांडण दुय्यम वाटतं.

महत्त्वाचं हे की समोरचा संघ वर्षभर आधी कीव्हमध्ये हाच अंतिम सामना हरला होता. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने आपला सगळ्यात देखणा खेळाडू, कुटिन्हो, बार्सिलोनाला विकला. त्याच महिन्यात साडेसात कोटी पौंडांना व्हान डाइक आणला, आणि कीव्हच्या पराभवानंतर उन्हाळ्यात गोलरक्षक आलिसन, शिवाय फाबिन्यो, केइता आणि शाकिरी. ही उधळपट्टी नव्हती. मोठी विक्री वेळेवर केली, भाव टोकाला असताना केली, आणि आलेला पैसा नेमक्या दुखऱ्या जागी लावला.

टॉटनहॅमने आदल्या वर्षी काइल वॉकरला पाच कोटींना सिटीकडे जाऊ दिलं होतं, तेव्हा ही रीत त्यांना माहीत नव्हती असं नाही. पण २०१८ च्या उन्हाळ्यात लेव्ही खरेदीइतकेच विक्रीबाबतही जागचे हलले नाहीत. आल्डरवाइरेल्ड, रोज, डेंबेले या सगळ्यांच्या जाण्याच्या चर्चा झाल्या, मनासारखा भाव आला नाही, म्हणून सगळे राहिले. विकत घेतलं नाही म्हणून चाहते ओरडले. विकलं नाही यावर ओरडणारा मला क्वचित भेटला. उलट आपले खेळाडू टिकवले याचं कौतुकच झालं.

संघालाही वय असतं. चार-पाच वर्षं तेच अकरा जण, तोच प्रशिक्षक, तेच सराव, तीच भाषणं. पोचेटिनोला हे कळत होतं. २०१९ च्या वसंतात तो नव्या पर्वाची, संघाची नव्याने बांधणी करण्याची भाषा उघडपणे बोलू लागला होता. अंतिम सामन्यानंतर लगेचच जूनमध्ये एरिक्सनने डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्राला सांगितलं की आता काहीतरी नवीन करून पाहावंसं वाटतंय. त्याच्या कराराचं एकच वर्ष उरलं होतं.

पैसा सुटला तेव्हा

२ जुलै २०१९ ला उपवास सुटला. लीड्सचा तरुण जॅक क्लार्क आणि त्याच दिवशी लिऑनचा तांगी एनडोंबेले, क्लबची तोवरची सगळ्यात महागडी खरेदी, पाच कोटी पौंडांहून जास्त. विंडोच्या शेवटच्या दिवशी लो सेल्सो आणि सेसेन्यॉन. म्हणजे 'खर्च करा' गटाला जे हवं होतं ते एकदाचं झालं. दुसरीकडे ट्रिपियर ॲटलेटिको माद्रिदला गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही.

हंगाम सुरू झाला आणि संघ ओळखू येईना. कोलचेस्टरसारख्या चौथ्या श्रेणीच्या क्लबने लीग कपमधून बाहेर काढलं. १ ऑक्टोबरला त्याच नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये बायर्न म्युनिकने सात गोल घातले. चार दिवसांनी ब्राइटनकडून ०-३. १९ नोव्हेंबरला पोचेटिनोला काढलं तेव्हा टॉटनहॅम चौदाव्या क्रमांकावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जोसे मौरिन्यो आला.

म्हणून मी 'तेव्हा खर्च केला असता तर' या वाक्याकडे फार विश्वासाने पाहत नाही. खर्च झाला, चांगला मोठा झाला, आणि उशिरा झाल्याने त्याचा उपयोग झाला नाही. एनडोंबेलेला टिकवायला, शिकवायला आजूबाजूला जो तरतरीत संघ हवा होता तो तोवर मनाने विखुरला होता. तो क्लबमध्ये कधी रुळलाच नाही आणि २०२४ मध्ये करार संपवून त्याला मोकळं केलं गेलं. पोचेटिनोनंतरचे प्रशिक्षक एकामागून एक आले आणि गेले. चषक आला तो थेट मे २०२५ मध्ये, बिल्बाओत, युरोपा लीगचा, आणि त्याच हंगामात संघ लीगमध्ये सतरावा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये लेव्हीही गेले.

विंडो उघडली की आजही आमच्या ओळखीतल्या चाहत्यांमध्ये पहिला प्रश्न असतो, 'कोण येतंय?' मी त्याऐवजी आपल्या संघाची यादी उघडतो आणि कुणाचा करार कधी संपतोय ते पाहतो. २०१८ च्या उन्हाळ्यात ती यादी अशी होती: डेंबेलेचा करार २०१९ पर्यंत, आल्डरवाइरेल्ड आणि व्हर्टोंगेन यांचा २०१९ पर्यंत आणि क्लबने ठरवल्यास आणखी एक वर्ष, एरिक्सनचा २०२० पर्यंत. नेहमीच्या अकरांतले चार जण, आणि चौघांचाही बाजारभाव तेव्हा चढा होता. डेंबेले गेला तो करार संपायला सहा महिने उरले असताना. एरिक्सन जानेवारी २०२० मध्ये इंटरला गेला, सुमारे दोन कोटी युरोंना, जो दोन वर्षं आधी त्याच्या कितीतरी पट किमतीला गेला असता. आल्डरवाइरेल्डने डिसेंबर २०१९ मध्ये नवा करार केला, वयाच्या तिशीत. व्हर्टोंगेन २०२० च्या उन्हाळ्यात फुकट गेला.